आधी समोरच्याचं म्हणणं

किशनराव गेल्याचा फोन मला वकिलांचा आला. हे वकील म्हणजे आदिलाबादच्या आमच्या मराठी वाचनालयाचे सध्याचे अध्यक्ष. त्यांच्या आधी अकरा वर्षं ते पद माझ्याकडे होतं आणि त्यांनी ते निवडणुकीत माझ्याकडून घेतलं, त्यामुळे त्यांचा नंबर दिसला की मी फोन सहसा वाजू देतो. त्या दिवशी का उचलला, सांगता येत नाही. "सर, गिरदावर गेले. सकाळीच. तुमाले कोनी कळवलं नसंल म्हनून..." मला कोणी कळवणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, तसं ते गावात बऱ्याच जणांना ठाऊक होतं. गिरदावरांचं घर माझ्या घरापासून चालत चार मिनिटांवर आहे आणि मी दीड वर्ष त्या घरी गेलो नव्हतो. या फोनला आता सहा आठवडे होतील.

किशनरावांना गावात सगळे गिरदावरच म्हणत. गिरदावर म्हणजे महसूल खात्यातला निरीक्षक. निजामाच्या काळातलं हे नाव. कागदावर पद कधीच बदललं, लोकांच्या तोंडचं बदललं नाही. किशनरावांची सगळी नोकरी बेज्जूर, बाजारहत्नूर, नेरडीगोंडा अशा ठिकाणी बांध मोजण्यात आणि बांधावरची भांडणं ऐकण्यात गेली. मी मराठी शाळेतला मास्तर. निवृत्तीनंतर ते आदिलाबादला आले, वाचनालयात वर्तमानपत्राच्या एकाच पुरवणीवर आमच्या दोघांचे हात पडले, आणि ओळख झाली. त्यांची एक पद्धत खात्यात प्रसिद्ध होती. वादातले दोघं समोर आले की ते एकालाही आपलं गाऱ्हाणं सांगू देत नसत. आधी समोरच्याचं म्हणणं काय आहे ते सांग, म्हणायचे. ते नीट सांगता आलं तरच पुढची सुनावणी, नाहीतर मिसल, म्हणजे त्या वादाचे कागद, बांधून बाजूला. निम्मी भांडणं तिथेच थंड व्हायची, आणि उरलेल्या निम्म्यांतले लोक त्यांना शिव्या घालत घरी जायचे. हे कुठून सुचलं, असं मी एकदा विचारलं होतं. बेज्जूरला नवे असताना त्यांनी एका बोलक्या माणसाचं ऐकून हद्द लिहून टाकली होती. दुसरा नुसता हात जोडून उभा होता. "त्याले बोलता येत नव्हतं सर, अन् मले वाटलं, त्याच्यापाशी सांगाले कायीच नाई," ते म्हणाले, आणि विषय बदलला.

अशा माणसाला अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या वादचर्चांचं वेड लागावं, यात नवल नव्हतं. अमेरिकेत आमच्या दोघांचंही कोणी नाही. तेलंगणात घरटी एक जण तिकडे असतो, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं. पण दर चार वर्षांनी, बोंडं फुटायच्या सुमाराला, तिकडे रात्र आणि इकडे सकाळचे साडेसहा असताना आम्ही त्यांच्या समोरच्या खोलीत टीव्हीपुढे बसत असू. वहिनी चहा आणून ठेवायच्या. कामाची वाटणी ठरलेली होती. त्यांचं इंग्रजी कचेरीतल्या अर्जापुरतं, म्हणून मी भराभर मराठी करून सांगायचं आणि त्यांनी निवाडा द्यायचा. कोणता उमेदवार कोणत्या पक्षाचा याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "सवाल काय इचारला अन् हा काय सांगून राह्यला? जवाब कुठी गेला?" असं म्हणत ते जुन्या वहीत प्रश्नासमोर फुल्या मारायचे. एकाचा माइक चालू असताना दुसऱ्याचा बंद ठेवतात हे पाहून ते इतके खूश झाले की तहसीलमध्ये हे असतं तर मी आणखी पाच वर्षं नोकरी केली असती, म्हणाले.

त्यांच्या खास आवडीची मात्र उपाध्यक्षांची चर्चा. ती एकदाच होते, लोक ती फारशी मनावर घेत नाहीत, मीही घेत नसे. किशनराव त्या दिवशी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसायचे. "मोठा मानूस सोताबद्दल बोलतेच सर. जोडीदार कोन घेतला, त्याच्यावरून त्याची अक्कल समजते." तेव्हा मला हे वाक्य फार आवडलं होतं... अशा तीन निवडणुका आम्ही मिळून पाहिल्या, आणि चौथी अर्धी.

त्या चौथीच्याच वेळी आमच्या वाचनालयाची निवडणूक आली. प्रश्न मोठ्या हॉलचा होता. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांना तो दिवसभर उघडा द्यावा, भले ती तेलुगूतून का अभ्यास करेनात, असं वकिलांचं म्हणणं. माझं म्हणणं, गावात मराठीला उरलेली ही एकच जागा आहे, ती गेली की गेलीच. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष अशी जोडीच निवडून द्यायची आणि मतदानाआधी सभासदांसमोर चर्चा करायची, ही कल्पना किशनरावांची. मीच ती उचलून धरली. बोलण्यात मला कोण हरवणार, असा माझा हिशेब. जोडीदार म्हणून मी किशनरावांना घेतलं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. वकिलांच्या जोडीला बँकेतल्या एक बाई होत्या. रविवारी सकाळी हॉलमध्ये सभा भरली. प्रत्येकाला दोन मिनिटं, वेळ संपली की शाळेतून आणलेली पितळी घंटा. सारं अगदी तिकडच्यासारखं.

मी आणि वकील बोललो. मी चांगला बोललो, हे आजही सांगतो. मग बाई उभ्या राहिल्या. हातात कागद होता, पण तोंडातून शब्द फुटेना. दोन वाक्यं कशीबशी झाली, मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, आणि त्या खाली बसल्या. मी मनातल्या मनात निवडून आलो होतो. किशनराव उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आधी बाईंचं म्हननं सांगतो. त्यायले बोलता नाई आलं, म्हनजे त्यायच्यापाशी सांगाले कायी नव्हतं असं नाई." आणि त्यांनी सांगितलं. कोणाच्या घरात एकाच खोलीत पाच माणसं राहतात आणि पोरीला पुस्तक उघडायला कोपरा नाही, कोण बसस्टँडच्या दिव्याखाली अभ्यास करतं, मराठी पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावून मराठी कशी टिकते, आणि पोरं हॉलमध्ये आली तर त्यातली चार त्या कपाटाकडे वळतीलच की. माणसं सरसावून बसली. बाई मान वर करून ऐकत होत्या. शेवटी किशनराव म्हणाले, "आता आमच्या सरांची बाजू..." आणि घंटा वाजली. दुसरा कोणी असता तर तसाच बोलत राहिला असता. किशनराव नमस्कार करून खाली बसले.

आम्ही नऊ मतांनी पडलो. बाहेर रस्त्यावर मी त्यांना विचारलं, "तुम्ही नक्की कोणाचे जोडीदार होतात?"

"तुमचाच, सर."

"मग यापुढं तुमची अमेरिका तुम्हीच पाहा," मी म्हणालो आणि घराकडे वळलो. मागून ते काहीतरी बोलले. मी ऐकायला थांबलो नाही.

थोड्याच दिवसांत तिकडच्या उपाध्यक्षांची चर्चा होती. आपल्याकडे गांधी जयंतीची सुट्टी, निवांत सकाळ. मी माझ्या घरी टीव्ही लावला आणि सवयीनं मनात मराठी करू लागलो. ते ऐकायला कोणी नव्हतं. दहा मिनिटांनी बंद केला. पुढे एकदा भाजीबाजारात ते समोरून आले, हात वर केला, आणि मी खिशातला फोन काढून त्यात पाहत बसलो. फोन बंद होता. या गोष्टीची मला लाज वाटते, आणि ती इथे लिहून कमी होईल असंही वाटत नाही. पहिले काही महिने मी खरोखर रागावलेलो होतो. नंतर राग कुठे गेला ते कळलं नाही, नुसतं न जाणं उरलं. वाचनालयाचा हॉल आता सकाळपासून भरलेला असतो. मराठी कपाटाकडे किती जण वळले ते मी पाहायला गेलो नाही, पण वर्तमानपत्रं अजून येतात आणि कपाटाचं कुलूप काढलं आहे, असं ऐकतो.

तीन आठवड्यांपूर्वी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी चहा ठेवला, जणू मी कालच येऊन गेलो होतो. किशनरावांच्या तब्येतीचं, औषधांचं, शेवटच्या दिवसाचं बोलून झालं. मग त्याच म्हणाल्या, "त्या गांधी जयंतीले यायनं पहाटीच आंघोळ केली. टीव्ही पूरा पाह्यला. म्या म्हटलं, सर नाई आले तं तुमाले काय समजून राह्यलं? तं म्हने, कायी नाई समजत, पन मधात उठनं बरं नाई."

मी कप खाली ठेवला आणि विचारायचं ते विचारलं. "वहिनी, माझ्याबद्दल काही बोलायचे का?"

"बोलत ना. म्याच एकडाव चिडली होती. म्हटलं, इतक्या वर्साचा दोस्त अन् दोन मिनिटाच्या बोलन्यावरून येनं सोडते? काऊन असं? तं यायनं मले समोर बसवलं अन् तुमचीच बाजू सांगितली. अकरा वर्सं त्या मानसानं वाचनालय सांभाळलं, सोता झाडू मारला, पावसात पुस्तकं डोक्यावर घेऊन हलवली. अन् भर सभेत आपलाच मानूस आपल्यासाठी एक शब्द न बोलता खाली बसला, तं कसं वाटंल? इतकं बराबर सांगितलं, सर... मलेच वाटलं, सरांचं खरं हाय, यायचीच चूक हाय."

इतकं बरोबर ते मला स्वतःलाही कधी सांगता आलं नव्हतं. पावसातल्या पुस्तकांचं तर मी विसरूनच गेलो होतो. मी विचारलं, "आणि त्यांची स्वतःची बाजू?"

"ते नाई सांगितली. म्या म्हटलं ना, आता तुमचं सांगा. तं म्हने, ते सर आल्यावर. त्यायच्यासमोरच सांगाची हाय."

मी आलो होतो. वहिनी कप उचलून आत गेल्या, आणि मधेच उठणं बरं दिसेना म्हणून मी त्या खोलीत बसून राहिलो.