आधी कडी काढ

कुंदा गेल्याचं तिच्या शेजारणीने फोनवर सांगितलं आणि पुढचंच वाक्य म्हणाली, "दार तोडावं नाही लागलं हो, कडी काढलेलीच होती." भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. कारण ती कडी माझ्या चांगल्याच ओळखीची होती...

कुंदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. अनेक वर्षं वॉर्डात सिस्टर होती, मग घाटकोपरच्या एका इस्पितळाने तिला व्हिडिओ कॉलवर बसवलं. पेशंट आधी तिला दिसायचा. डॉक्टर लगेच हवा, की अँब्युलन्स, की नुसतं ताक, ते ती ठरवायची. "पडद्यावर नाडी लागत नाही रे," ती म्हणायची. "माणूस हसत 'बरं आहे' म्हणतो आणि कॅमेऱ्याबाहेर कोसळतो." तसा एकजण तिच्यादेखत कोसळला होता. पडद्यावर नुसता पंखा फिरत होता, बाहेरून शेजारी दार बडवत होते, आणि दाराला आतून कडी. तेव्हापासून एकटा पेशंट दिसला की नाव, वय नंतर, पहिलं वाक्य, "आधी कडी काढा."

मी मुलुंडला एकटा राहणारा हौशी नट. एकदा छातीत भरून आलं. मराठी माणसाच्या छातीत काहीही झालं तरी तो गॅसच असतो! मी कुंदाला कॉल लावून मरणाचा प्रवेश रंगवला.

"कुंदे, गॅसने माझा बळी घेतला गं!"

ती हसली नाही. "नाटक पुरे, मेल्या. कडी काढ."

"अगं, गॅस..."

"घाम बघ तुझा. कडी काढ, मग मर."

पुटपुटत काढली आणि तिथेच खाली बसलो. अँब्युलन्सची माणसं सरळ आत आली, म्हणून आज हे लिहितोय.

आणि ती? गेली तेव्हा एकटीच होती. कुणाला फोनही लावला नव्हता. दाराशी गेली, कडी काढली, खुर्चीत येऊन बसली... तिला कोण म्हणालं असेल ते वाक्य?

परवा जेवण झाल्यावर माझ्या छातीत पुन्हा भरून आलं. (या वेळी खरोखरच गॅस निघाला, ते सोडा.) तिच्या जागी आलेल्या मुलीला कॉल लावला. तिने नाव विचारलं नाही. "सर, एकटे आहात ना? आधी कडी काढा." कुंदाचाच सूर! दाराशी गेलो. जेवायला बसण्यापूर्वी मी स्वतः लावलेली कडी... काढलेलीच होती.

"सर, काढली का?"

"काढली," मी म्हटलं.

कुणी, ते सांगितलं नाही.