आश्रुबानं पारखून घेतलेला टीव्ही

येलदरीकडच्या त्या गावात आश्रुबाएवढा चिकित्सक माणूस दुसरा नव्हता. वांगी घेतानाही दहा वेळा उलटीपालटी करणारा हा गडी. परभणीच्या दुकानात टीव्ही घ्यायला त्यानं अख्खी दुपार घालवली. शेतीचा कार्यक्रम, क्रिकेट आणि रविवारचा पिच्चर, तिन्हीला चालेल असा त्याला हवा होता. पडद्यापुढं खुर्ची ओढून त्यानं एकेक टीव्ही निरखला. तेवढ्याच पैशात एक मोठा होता, पण काळा-पांढरा. आश्रुबाचं मन बसलं ते छोट्या रंगीतवर.

टीव्ही बैठकीत लागला. पुढं सगळी बाप्यामाणसं. बायको धुरपदाबाई रिवाजाप्रमाणं डोईवर पदर घेऊन पार मागं, सैपाकघराच्या उंबऱ्याआड. पिच्चर चालू असताना ती हळूच विचारायची, "आता कोन रडायलंय वो?"

"दिसत न्हाई का तुला? गप बस की!" आश्रुबा चारचौघांत खेकसायचा. पुढं पुढं तिनं विचारायचंच सोडून दिलं.

तिच्या वर्षश्राद्धाला घर पाहुण्यांनी भरलं. संध्याकाळी पोरांनी टीव्ही लावला. बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून आश्रुबा उंबऱ्याआड टेकला. त्यानं डोळे ताणले, चष्मा पुसून पुन्हा लावला. लांबवर नुसते रंग हलत होते. माणूस कोणता, बाई कोणती, काही कळेना. रडणं तेवढं ऐकू येत होतं.

"कोन रडायलंय रे?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

पोरं पिच्चरमध्ये गुंग होती. आश्रुबाला मात्र उत्तर ऐकू आलं, आणि ते त्याच्याच आवाजातलं होतं.