डॉर्कस ट्रँटरचं बिनचुलीचं धुराडं

इंग्लंडातल्या हॅडलबरो गावी, निराधार म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या धर्मादाय घरांत डॉर्कस ट्रँटरला कोपऱ्यातली खोली मिळाली, तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. गवंड्याची विधवा. नवऱ्याच्या हाताखाली तीस वर्षं चुना कालवलेला, त्यामुळे विटांचे थर बघून बांधणाऱ्याची नियत ओळखायची.

चौकाभोवती बारा खोल्या. वेशीवर दात्याचं दगडी कुलचिन्ह, त्याखाली ‘कृतज्ञ राहा’ अशी कोरीव ताकीद. अक्षरं हातभर, खिडक्या वीतभर. त्याही सगळ्या चौकाकडे, म्हणजे व्यवस्थापक पर्किससाहेबांना खुर्चीतून न उठता बारा म्हाताऱ्यांवर नजर ठेवता येई. छपरावर मात्र पीळदार विटांची बारा उंच धुराडी. त्यांची चित्रं काढायला लांबून रसिक येत.

ऑक्टोबरात गारठा पडला. डॉर्कसनं आपल्या धुराड्याखालची भिंत ठोकून पाहिली. भरीव! तडक साहेबांकडे गेली.

“साहेब, माझं धुराडं वर आहे. खाली चूल कुठाय?”

“ट्रँटरबाई, त्या बाजूला सहा धुराडी, मग या बाजूला पाच कशी चालतील? इमारत लंगडी दिसली असती.”

“म्हणून मी गारठून मरायचं?”

“वेशीवर काय कोरलंय ते वाचलं नाहीत वाटतं?”

“अक्षरं नाही येत मला. विटा वाचते.”

दुसऱ्या दिवशी किटली आणि विणकाम घेऊन ती साहेबांच्या बैठकीत, थेट शेकोटीपुढे येऊन बसली. साहेबांच्या घरात शेकोट्या चार. ती रोज यायची, रोज घोरायची. साहेब खाकरले, रागावले, विनवण्याही करून झाल्या. बाई ढिम्म.

दात्याच्या स्मृतिदिनी हंसाच्या मेजवानीला विश्वस्त मंडळी साहेबांच्या बैठकीत जमली. त्यांच्यातल्या लेडी रॅगनं शेकोटीपुढच्या बाईकडे बघून भुवई उंचावली, “या कोण?”

“बाराव्या धुराड्याची भाडेकरीण, बाईसाहेब. धुराडं तिकडे, जाळ इकडे!” डॉर्कस म्हणाली.

पाहुणे खो खो हसले. साहेबांच्या घशात हंस अडकला.

आठवड्यात डॉर्कसच्या खोलीत लोखंडी शेगडी आली. तिची धूर सोडायची पत्र्याची नळी खिडकीतून बाहेर काढली.

वसंतात एक चित्रकार दारात आला. “आजी, ही नळी अर्धा तास काढाल का? चित्राचा विचका होतोय.”

“काढते की. तोवर तुमचा कोट द्या अंगावर घ्यायला.”

त्यानं कोट दिला नाही. नळीही हलली नाही. चित्रात मात्र त्यानं ती गाळली, आणि चित्राला लंडनात बक्षीस मिळालं.