दाणा आणि झोपेची गोळी

१९५८ साल. मी सव्वीस वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत झाली, पण एकदा धरलेलं म्हणणं मी कोणापुढं सोडलं नाही. आजही सोडत नाही.

आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात राहत होतो. बाबांनी सरकी काढायच्या जिनात कापसाच्या गठाणी उचलून कंबर घालवली होती. दुखणं दबावं म्हणून ते रोज अफीम घेत, ज्वारीच्या दाण्याएवढी. घरात तिचं नाव कोणी काढत नसे. सारे 'दाणा' म्हणत. "बाबाचा दाणा झाला का?" असं माय विचारायची, चहाचं विचारावं तसं.

त्या उन्हाळ्यात त्यांची झोप उडाली. डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे?"

"नाही जी," माय म्हणाली. तिच्या लेखी ते खरंच होतं. दाणा औषधात कुठं मोडतो? झोपेच्या गोळ्या मिळाल्या.

रात्रीची वाट न पाहता त्याच दुपारी जेवून बाबांनी दाणा घेतला, वरून गोळी गिळली. थोड्या वेळानं घोरू लागले. शेजारची काकू दारातूनच हसली, "बाप्पा! जिनातली मशीनच सुरू झाली!"

माय सुखावली. मला ते घोरणं बरं वाटेना. मधेच बंद पडे. घर गप्प होई. मग एखादा श्वास येई, लांबून ओढत आणल्यासारखा.

"माय, मी त्याईले उठवतो."

"गुमान बस! किती दिसानं डोळा लागला."

"ओठ पाह्य ना, जांभळे पडून राहिले."

"जांभळं खाल्ली असतीन," काकू म्हणाली.

मी ऐकलं नाही. खांदे हलवले. थोबाडीत मारली, बापाच्या. डोळा उघडला नाही. तेव्हा काकूचं हसू गेलं.

टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"अफू घेतात?"

"दाणा घेतात ना," माय म्हणाली.

"अहो बाई, मी विचारलं होतं!"

"तुमी औषधाचं विचारलं, साहेब."

"अफूवर ही गोळी पडली, की माणूस श्वास घ्यायचाच विसरतो," डॉक्टर म्हणाले आणि श्वासाची नळी आणायला ओरडले.

दिवस मावळेपर्यंत कोणी आम्हाला आत येऊ दिलं नाही. मग बाबांनी पाणी मागितल्याचं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खाटेशी बसलो होतो. ते झोपले होते, साधी झोप. तरी मी उठवलं.

"काहून छळून राहिला बे?"

मी झोपू दिलं. जरा वेळानं पुन्हा उठवलं.