मेहुण्याचं नाक

मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये सगळी अवजारं भिंतीवर टांगलेली असत. फक्त मुख्य अवजार मिस्त्रींच्या तोंडावर होतं. ट्रक दारात उभा राहिला की ते आधी गाडीभोवती एक फेरी मारत आणि वास घेत. "गोडसर येतोय. रेडिएटर गळतोय." ड्रायव्हर तक्रार सांगायला तोंड उघडेपर्यंत मिस्त्री गाडीखाली शिरलेलेही असत. माणूस थापा मारतो, गाडीचा वास मारत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

साथ आली, सगळं बंद झालं. पण मालाच्या गाड्या चालू राहिल्या, आणि गाड्या चालू म्हटल्यावर त्यांचं बिघडणंही चालूच. मिस्त्री तोंडाला फडकं बांधून राबत होते. एका सकाळी चहा तोंडाला लावला आणि बायकोवर खेकसले, "पावडर टाकायची विसरलीस का?" बायकोने पातेलं हुंगलं, नवऱ्याकडे बघितलं आणि त्यांची गादी वरच्या खोलीत नेऊन टाकली.

ताप दोन दिवसांत उतरला. वास मात्र परतला नाही. मिस्त्रींनी साबण हुंगला, फिनेल हुंगलं, शेवटी स्वतःचे मोजे हुंगले. मोज्यांनीही दाद दिली नाही तेव्हा मात्र ते खचले.

"मोजेसुद्धा कळत नाहीत गं," ते जिन्यातून म्हणाले. "आता मी कसला मिस्त्री!"

"वीस वर्षं मी सोसले," बायको खालून म्हणाली. "तुम्ही सुटलात एकदाचे."

पाचव्या दिवशी दुपारी मेहुण्याचा फोन आला. बायकोचा हा धाकटा भाऊ ट्रक चालवायचा. मिस्त्रींच्या मते तो नुसता स्टिअरिंगला धरून बसायचा, ट्रक आपला आपण चालायचा.

"दाजी, चढावर गाडी ओढेना. जळका वास येतोय. आत सलाइनच्या बाटल्या आहेत, हॉस्पिटलातला साठा संध्याकाळपर्यंतच पुरणार आहे, आणि स्टोअरवाला दर दहा मिनिटांनी—"

"क्लच जळला. क्रेन बोलव."

"क्रेनवाला म्हणतो उद्या सकाळी. पण दाजी, वास जरा—"

"वासाचं तू मला शिकवू नकोस!"

फोन स्पीकरवर होता आणि बायको जिन्याच्या तळाशी. "अहो, तुम्हाला मोजे कळेनात! त्याला बोलू तरी द्या."

मिस्त्री हिशेब करू लागले. क्लच गेला असेल तर गाडी गेली. पण नुसता ब्रेक चाकाला धरून बसला असेल तर ते पान्याचं काम होतं. एरवी एका हुंगण्यात निकाल लागला असता.

"बरं," ते मोठ्या कष्टाने म्हणाले. "खाली उतर. एकेका चाकापाशी वाक आणि नीट हुंग."

फोनमधून धापा ऐकू आल्या. "हुंगलं. सगळ्या चाकांना एकच वास."

"कसला?"

"सॅनिटायझरचा."

"मास्क काढ, गाढवा!"

"दंड होईल, दाजी."

"आहे कोण तिथे?"

"एक कुत्रं."

"ते पावती फाडणार आहे का?"

मास्क निघाला. पुन्हा फेरी. "पुढची दोन्ही, रबर. मागचं उजवं, रबर. मागचं डावं... ताईने माझ्या पँटवर इस्त्री विसरली होती ना, तसा."

"मी नव्हते विसरले!" जिन्यातून आवाज आला. "तूच गप्पा मारत बसलास!"

"भांडण नंतर! केबिनमध्ये, क्लचपाशी येतोय का तसा?"

"नाही. तिथे माझ्याच पायांचा येतोय."

मिस्त्री गादीवर ताठ झाले. एकच चाक! क्लच जळता तर केबिनमध्ये बसवलं नसतं. "ब्रेक धरलाय तो. चाकांना दगड लाव. ते चाक निवू दे, मग खाली शिर आणि ब्रेकचा बोल्ट सैल कर. पाव पाव फेरा. घाई केलीस तर बघ."

पाऊण तासाने फोन आला. बोल्ट सैल झाला होता.

"आता दोन किलोमीटर हळू चालव, थांब आणि परत हुंग."

मिस्त्री खोलीत येरझारा घालू लागले. बायको तिसऱ्या पायरीपर्यंत आली.

"हुंगलं, दाजी."

"मग?"

"काहीच येत नाही."

"काहीच?"

"काहीसुद्धा नाही."

मिस्त्री जिन्याकडे धावले. "अगं ए! याचंही गेलं!"

"काय गेलं माझ्या भावाचं?" खाली भांडं आपटलं.

"डिझेलच्या टाकीचं झाकण उघड! नाक लाव!"

"आई गं! मस्तकात गेला की वास! अहो दाजी, ब्रेक सुटला म्हणून येत नाही जळका!"

"हां," मिस्त्री म्हणाले. "तेच म्हणत होतो मी."

"मग निघू?"

"अजून उभाच आहेस?"

पावणेसहाला बाटल्या हॉस्पिटलात उतरल्या. स्टोअरवाल्याने गाडीला हात जोडले म्हणे.

त्यानंतरचे पंधरा दिवस मिस्त्रींचा कारभार वरच्या खोलीतूनच चालला. कोणत्याही ड्रायव्हरचा फोन आला की ते बिघाड नंतर विचारत. आधी विचारत, "आमचा मेहुणा आहे का रे तिथे जवळपास?"