सोनोवाल्या बाईंनी मागे घेतलेली सुई

"बाईचा हात थरथरला, म्हनून गुरुजींचा खडा तसाच ऱ्हायला. भ्याली हो ती!"

कोळवणच्या एसटी थांब्यावर आमचे शेजारी नाना ही हकिकत आजही रंगवून सांगतात. नाना त्या शस्त्रक्रियागृहात नव्हते. मी होतो, टेबलावर पालथा, कमरेखाली बधिर, परंतु पूर्ण शुद्धीत. तेव्हा या विषयावर बोलण्याचा पहिला अधिकार माझा आहे.

पौड रस्त्यावरच्या एका लहान रुग्णालयात या डॉक्टर बाई मुतखडे काढीत. पाठीतून सुईने मूत्रपिंडापर्यंत वाट करायची आणि त्याच वाटेने खडा फोडून बाहेर आणायचा. इतर डॉक्टर ही सुई एक्स-रे पाहत घालीत. बाई सोनोग्राफी पाहत घालीत. "दिसल्याशिवाय टोचायचं नाही," हे त्यांचे ब्रीद होते.

पाठीला लावायचे थंडगार जेल त्या आधी तळहातावर चोळून कोमट करीत. मग पडदा रुग्णाकडे वळवून दाखवीत, "पांढरा तो खडा. मागची काळी पट्टी म्हणजे त्याची सावली." माझ्या आधी तपासणीला आलेल्या डोंगरवाडीच्या एका आजीने विचारले होते, "सावली पडतीया, म्हंजी आत ऊन हाय व्हय गं बाई?" बाई इतक्या हसल्या, की तपासणी थांबवावी लागली.

माझ्या वेळी मात्र त्या हसल्या नाहीत.

"गुरुजी, श्वास धरा." मी धरला. "सोडा." असे तीनदा झाले. मग त्या म्हणाल्या, "आतडं आड येतंय. आज करायचं नाही."

सहकारी डॉक्टर पुटपुटले, "मॅडम, एक्स-रेवर वाट मोकळी दिसतेय."

"एक्स-रेवर ते दिसत नाही. मला दिसतंय."

मी पालथा पडल्यापडल्याच गरजलो, "भ्यालात म्हणून सरळ सांगा की, बाई!" त्यांनी माझ्या पाठीवरचे जेल स्वतःच्या हाताने पुसले आणि सीटी स्कॅन करून घ्या, एवढेच सांगितले. मी तो केला नाही.

घरी येऊन मी रुग्णालयाच्या विश्वस्तांना तक्रारीचे पत्र लिहिले. सहकाऱ्याचे वाक्य त्यात जसेच्या तसे घातले. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. नानांनाही ते मीच मोठ्याने वाचून दाखवले. 'भ्याली' हा शब्द त्यांना माझ्याकडूनच मिळाला. विश्वस्तांनी बाईंच्या शस्त्रक्रिया बंद केल्या. महिन्याभरात त्या रुग्णालय सोडून गेल्या, आणि पुढे दोन वर्षांनी वारल्याचे कळले.

हल्ली खाचराच्या बांधावर वाकलो, की पाठीमागून आवाज येतो, "श्वास धरा." मी धरतो. "सोडा" म्हणणारे कोणी नसते.

नाना म्हणतात, "गुरुजी, गेलेल्या मानसाची बाजू घेताय, दुसरं काय न्हाई."

नाना, बाजू राहू द्या, पुरावा ऐका. बाई गेल्यानंतर खडा असह्य झाला, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी मला पालथे झोपवून सीटी स्कॅन काढला. माझे आतडे मूत्रपिंडाच्या मागे, नेमके सुईच्या वाटेवर होते.