काखेतला पालथा त्रिकोण

भूमितीत मला पैकीच्या पैकी गुण पडत आणि ते मी घरभर मिरवत असे. मलकापुरात कपाशीच्या गाड्यांची रांग ओलांडून शाळेत जायचं, की मास्तर कागदाचे दोन त्रिकोण घेऊन उभे. एक दुसऱ्यावर ठेवत आणि म्हणत, "तिन्ही बाजू जुळल्या की त्रिकोण एकरूप. बसत नसेल तर पालथा घालून बघा, तरी एकरूपच." जगात याहून सोपं काही नाही असं मला वाटे. किती सुखाचे दिवस होते ते!

थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं आणि आत्या माझ्या शाळेवर घसरली. आई नव्हती, घर आत्याच चालवायची आणि बाबा तिचा शब्द मोडत नसत.

"लय मापं शिकते ना तू? मंग ताईची चोळी कापून दाखव. चुकली तं शाळा बंद."

बाबांनी मान हलवली. मीही फुशारकीनं हो म्हटलं.

कापड जरीच्या बुट्ट्यांचं, तेही बेताचंच. पाठ, बाह्या नीट निघाल्या. राहिले काखेतले दोन तिकोनी तुकडे, तिन्ही बाजू वेगळ्या लांबीच्या. एक कापला, तो तसाच उरलेल्या कापडावर ठेवून दुसरा कापला. एकावर एक ठेवले तर दोऱ्याचाही फरक नाही.

शिवायला बसले आणि घाम फुटला. दोन्ही तुकडे उजव्या काखेचेच! डावीकडे लावायचा तर पालथा घालावा लागणार, म्हणजे बुट्ट्यांचे लोंबते धागे बाहेर. कागदाला उलटसुलट नसतं, कापडाला असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कापड संपलेलं आणि लग्न उद्यावर.

ताईला दुसरीतच शाळेतून काढलं होतं. तिनं तुकडा पाहिला, माझं तोंड पाहिलं.

"काऊन रडून राह्यली? आण इकडं." तिनं तो पालथाच शिवून टाकला. "मी हात वर केला तं दिसंन ना!"

सकाळी आत्यानं चोळी तपासायला हात वर करायला लावला. ताईनं उजवा केला.

"जमलं बाप्पा पोरीले," आत्या म्हणाली.

हार घालतानाही ताईचा डावा हात अंगाला चिकटलेलाच. किती लाजते पोरगी, म्हणून बायका कौतुक करत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझी शाळा राहिली. पुढे मी स्वतः कितीतरी वर्षं भूमिती शिकवली. फळ्यापाशी कागदी त्रिकोण पालथा घालताना माझा हात थबके आणि पोरी हसत.

लग्नाच्या त्या संध्याकाळी सासरी निघताना स्टेशनावर ताई सगळ्यांच्या पाया पडली आणि माझ्याकडे वळली. मला तिच्या दोन्ही हातांत शिरून रडायचं होतं. आत्या शेजारीच उभी होती. ताईनं मला एकाच हातानं जवळ घेतलं.